देवाजवळची भिंत

वहिनीनं आमच्या घराला घरपण आणलं, असं आमच्या गावात आजही म्हणतात. मीही म्हणतो. चारचौघांत म्हणतो, पाहुण्यांसमोर म्हणतो, वहिनी समोर बसलेली असली तरी म्हणतो. आणि दर वेळी त्या वाक्यावर माझी जीभ जराशी अडखळते. कारण ती येण्याआधी काही वर्षं ते घर माझ्या हातात होतं, आणि त्यात घरपण म्हणून जे काही होतं ते मी आणलेलं आहे, असं मला वाटत होतं. ते कोणी कधी म्हटलं नाही. आता पन्नाशी उलटली, तरी ते कोणी म्हणावं असं मला वाटतंच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल कोणाचा गैरसमज होणार नाही.

माय गेली तेव्हा मी नववीत होतो. घरात उरलो तिघं: बाबा, दादा आणि मी. बाबा आणि दादा सकाळीच वावरात जात, कापसाच्या दिवसांत गाडी घेऊन दिग्रसच्या बाजारात जात. मी धाकटा आणि शाळेतला, म्हणून घर माझ्याकडं आलं. कोणी वाटून दिलं नाही, पडलेली वस्तू उचलावी तसं मी ते उचललं. भाकर थापायला मला शेजारच्या गंगाकाकूनं शिकवलं. तिच्या आणि आमच्या स्वयंपाकघराच्या मधे एकच भिंत होती आणि त्या भिंतीला वर एक झरोका होता. मी इकडून ओरडायचो, "काकू, पीठ हाताले चिकटून राह्यलं." ती तिकडून म्हणायची, "मंग पाणी गरम नसन, पोट्ट्या. उकळी येऊ दे अगोदर." सहा महिन्यांत माझी भाकर फुगायला लागली. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, कधी अंबाडीची भाजी. बाबा काही न बोलता जेवत. चांगलं झालं की अर्धी भाकर जास्त घेत, तेवढंच.

पण खरं सांगायचं तर स्वयंपाक हे काम होतं. मला गोडी लागली ती दुसऱ्याच गोष्टीची. फळीवरचे पितळेचे गुंड आणि लोटे मी चिंच आणि राखेनं घासायचो आणि मोठ्यापासून लहानापर्यंत उतरत्या ओळीत मांडायचो. जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या घालून कात्रीनं कंगोरे कापायचो आणि त्याची झालर फळीच्या कडेला खळीनं चिकटवायचो. दर शनिवारी शेणानं घर सारवायचो. सारवताना हाताचे अर्धगोल एकसारखे यावेत म्हणून मी मागं सरकत सरकत दारापर्यंत यायचो, आणि मग उंबऱ्यावर उभा राहून वाळेपर्यंत ते पाहत बसायचो. तेव्हा घरात ओल्या शेणाचा आणि कापसाचा एक मिसळलेला वास असायचा. आजही यवतमाळच्या माझ्या घरात पडदा वाकडा ओढलेला दिसला तर मला जेवण जात नाही. बायको म्हणते, "तुम्ही बसा, मी करते." मी तरी उठतोच.

त्या घरातली एक भिंत वेगळी होती, ती सांगायला हवी. मधल्या घरात, म्हणजे माजघरात, देवाचा कोनाडा होता आणि त्याच्या उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, मायच्या हातांचे ठसे होते. आमच्याकडं नवी सून घरात आली की कुंकवाच्या पाण्यात दोन्ही हात बुडवून देवाजवळच्या भिंतीवर उमटवते. माय लग्न होऊन आली त्या दिवशीचे ते ठसे. बोटं केव्हाच पुसट होऊन गेली होती. दिव्याची काजळी आणि धूप बसून बसून फक्त तळव्यांचे दोन तपकिरी गोल राहिले होते. दसऱ्याआधी आम्ही भिंती पोतारायचो. पांढऱ्या मातीचा पातळ काला करायचा आणि फडक्यानं भिंतीवर फिरवायचा, त्याला पोतारणं म्हणतात. माय स्वतः पोतारताना त्या ठशांच्या भोवतीनं फडकं फिरवायची, हसत हसत म्हणायची, "हे माहे या घराचे कागद होत." ती गेल्यावर मीही तसंच फिरवत आलो. बाबा रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावत, हात जोडत, आणि जाता जाता त्या डाव्या गोलाला दोन बोटं टेकवत. त्यांना वाटायचं, ते कोणी पाहत नाही. मी चुलीपाशी बसून पाहायचो.

दादाचं लग्न उन्हाळ्यात झालं. वहिनी ढाणकीची. नाव सुमन. वरात परत आली आणि गंगाकाकूनं कुंकवाचं पाणी कालवून आणलं, तेव्हा बाबा म्हणाले, "देवाजवळ जागा नाही. दारापाशी लावू द्या तिले." वहिनीनं बाहेरच्या दाराच्या बाजूला हात उमटवले. पहिल्याच आषाढात पावसाची झड लागली आणि ते धुऊन गेले. मला त्या वेळी त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरं वाटलं, हे आता लिहितोय.

तिच्यासोबत एक पत्र्याची पेटी आली होती. त्यातून निघालं काय, तर काचेच्या चौकटीतलं लोकरीनं भरलेलं 'सुस्वागतम्', त्याच्या दोन बाजूंना दोन हिरवे राघू, क्रोशाचे रुमाल, मण्यांचा एक मोर, आणि रंगीत चिंध्यांचं एक गाठोडं. पंधरा दिवसांत तिनं पुढच्या खोलीतला तुरीच्या पोत्यांचा ढीग दादाकडून मागच्या खोलीत हलवून घेतला. "पाहुणा आला तर काय पोत्यावर बसन?" ती दादाला म्हणाली. दादा म्हणाला, "आमच्याकडं येते कोण?" ती म्हणाली, "येत नाही का बसाले जागा नाही?" दादा हसला आणि पोती उचलायला लागला. इतकी वर्षं ती पोती तिथं होती आणि मी त्यांच्या भोवतीनं सारवत आलो होतो. ती हलवता येतात हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग एकेक सुरू झालं. जुन्या सुती पातळांचे पडदे झाले. रेडिओवर क्रोशाचा रुमाल आला. उघड्या बल्बवर तिनं बांबूची बारीक विणीची टोपली उलटी टांगली, तर संध्याकाळी सगळ्या खोलीत उजेडाचे ठिपके पडायला लागले. दारापुढं तिनं स्वतः माती आणि भुसा तुडवून एक ओटा घातला, त्याची कड गेरूनं रंगवली आणि वर पांढरी बोटं ओढली. त्या ओट्यावर माणसं बसायला लागली. आधी गंगाकाकू, मग तिच्याकडं येणाऱ्या बाया, मग वावरातून परत जाणारी माणसं. "काय बाप्पा, टेकू का दोन मिनिटं?" म्हणून जो बसे तो दिवेलागणीपर्यंत उठत नसे. आणि बाबा, जे माझ्या हातचं जेवताना भिंतीकडं पाहत जेवत, ते ओट्यावर बसून कापसाच्या भावावर आणि एसटीच्या कंडक्टरवर गमती सांगायला लागले. मी घरात चहाची भांडी विसळत ते ऐकायचो. बाबांना हसता येतं हे मला माहीत होतं. मी असतानाही त्यांना ते येत होतं, फक्त हसायला जागा नव्हती, असं आता वाटतं. तेव्हा वाटायचं की माझ्याकडून चोरून नेऊन ते हसू तिला दिलं आहे.

ती माझ्याशी वाईट वागली असती तर बरं झालं असतं. ती विचारून करायची. फळीवरच्या माझ्या कागदी झालरीपाशी येऊन म्हणाली, "भाऊजी, हे लई बारीक कापलं तुम्ही. पण धुरानं पिवळं पडलं. कापडाची लावू का?" मी म्हणालो, "लावा न." तिनं झालर फाटू न देता काढली. मग एक दिवस ओट्यावर गंगाकाकू म्हणाली, "आता कुठी हे घर घरासारखं दिसून राह्यलं." मी आत उभा होतो. ज्या बाईनं मला भाकर शिकवली तीच हे म्हणत होती. रात्रीची भांडी घासताना, सारवताना, परीक्षेला बसलो तेव्हासुद्धा ते वाक्य माझ्या कानात होतं. आता कुठी.

मी किती खालच्या पातळीला गेलो होतो तेही लिहून ठेवतो. खिडकीत तिनं एका बाटलीत पाण्यावर वेल लावली होती. त्या पाण्यात मी मीठ टाकलं, एकदा नाही, तीन-चारदा. पानं पिवळी पडली तेव्हा ती म्हणाली, "ऊन लागलं वाटते," आणि बाटली आत आणली. येता जाता मी तिची चौकट बोटभर तिरकी करून ठेवायचो. ती सरळ करायची. कोण करतं हे तिनं कधी विचारलं नाही. पहिल्या दसऱ्याला ती माहेरी होती, म्हणून भिंती मीच पोतारल्या, आणि त्या चार दिवसांत मी जितका सुखी होतो तितका त्या वर्षात कधी नव्हतो.

दुसऱ्या दसऱ्याला ती घरीच होती. मी बारावी होऊन दिग्रसच्या कॉलेजात जात होतो आणि त्या दिवशी सुट्टी होती. बाबा आणि दादा वावरात. वहिनीनं पदर खोचला, पांढरी माती रात्रीच भिजत घातली होती ती हातानं कालवली, त्यात दोन चिमट्या नीळ टाकली. "निळीनं पांढरं अखीन पांढरं दिसते," ती म्हणाली. मी म्हणालो नाही की ते मला माहीत आहे. पुढची खोली झाली, स्वयंपाकघर झालं. मी जेवायचं ताट घेऊन बसलो होतो, तेव्हा तिनं मधल्या घरातून हाक मारली.

"भाऊजी, ह्या देवाजवळच्या भिंतीवर हे डाग कायचे होय?"

मी ताट ठेवून उठलो. ती फडकं हातात घेऊन उभी होती, कोपरापर्यंत पांढरी. फडक्यातून माती टपटप खाली गळत होती. ती ठशांकडं पाहत नव्हती, माझ्याकडं पाहत होती.

"तेलाचे आहे का?" तिनं विचारलं.

मला विचार करायला वेळ मिळाला नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. वेळ होता. तेवढ्या वेळात मी बाबांचा चेहरा पाहिला, संध्याकाळचा, दिवा हातात असलेला. ते तिच्यावर चिडतील, ओट्यावरचं हसणं थांबेल, हे सगळं मी त्या क्षणात पाहून घेतलं, आणि मग बोललो.

"हो, तेलाचेच. घ्या न भिंत पोतारून."

ती अजून थोडी थांबली. मग तिनं फडकं बुडवलं आणि हात फिरवला. एकदा, मग उभा, मग आडवा. मी परत ताटावर येऊन बसलो आणि उरलेलं सगळं जेवलो. वांग्याची भाजी होती. तिची चव मला अजून सांगता येईल.

संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, दिवा घेऊन मधल्या घरात गेले. मी चुलीपाशी होतो, तिकडं पाहिलं नाही. दिवा ठेवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. वहिनी भाकर थापत होती, तिचेही हात थांबले.

"हे कोणं पोतारलं?" आतून आवाज आला. मोठा नव्हता.

"म्या, मामाजी," वहिनी म्हणाली.

"बरं," बाबा म्हणाले.

ते बाहेर येऊन बसले. वहिनीनं ताट वाढलं. ते जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. मग दादानं आत जाऊन पाहिलं आणि बाहेर येऊन वहिनीवर उसळला. "तुले काही समजते का? मायचे हात होते ते. तुले कोणं सांगतलं होतं ते पोताराले?"

मी मान खाली घातली. माझं नाव येणार याची वाट पाहत राहिलो.

"कोणं नाही," वहिनी म्हणाली. "मलेच समजलं नाही."

दुसऱ्या दिवशी बाबांनी बाज उचलली आणि वावरातल्या गोठ्यात नेली. वेचणी सुरू झाली होती, कापूस राखायला कोणीतरी तिथं झोपावंच लागतं, म्हणून गावाला काही कळलं नाही. आम्हाला कळलं. मी रोज सकाळी डबा घेऊन जायचो. बाबा डबा घ्यायचे, कालचा रिकामा द्यायचे, "कॉलेजात जा" म्हणायचे. डब्यात पातोडीची, म्हणजे बेसनाच्या वड्यांची, भाजी असे, त्यांच्या आवडीची, वहिनी वाटण घालून रस्सा करायची ती. परत आलेल्या डब्यात भाकरी संपलेली असे आणि भाजी तशीच. मी ती वाटेतल्या ओढ्यात टाकून द्यायचो, आणि घरी सांगायचो की खाल्ली. ते एवढं एकच मी त्या दिवसांत तिच्यासाठी केलं, आणि तेही खोटं बोलून.

मला जे हवं होतं ते झालं होतं. ओट्यावर कोणी येईना, कारण बाबा नाहीत आणि वहिनी बाहेर बसेना. टोपलीतला बल्ब गेला, तो कोणी बदलला नाही. चौकट कधीची तिरकी झाली होती, या वेळी माझ्या हातानं नाही, वाऱ्यानं. ती तशीच राहिली. घर परत माझ्या वेळेसारखं झालं. मी शनिवारी शेण कालवलं, सारवलं, उंबऱ्यावर उभा राहिलो. अर्धगोल एकसारखे आले होते. ते वाळेपर्यंत थांबावंसं वाटलं नाही.

एक दिवस दुपारीच कॉलेजातून आलो तर वहिनी मधल्या घरात भिंतीपाशी बसलेली. हातात ओलं फडकं आणि नारळाची करवंटी. भिंतीवरची पांढरी माती ती हळूहळू खरवडत होती, वरचा एकच थर निघावा म्हणून. खाली तिच्या पायांशी गढूळ, जराशी लालसर ओल पसरली होती.

"पाणी लागलं का तेही सोबत निघून राह्यलं," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता. मग म्हणाली, "भाऊजी, तुमच्या मायचे हात कसे होते? लहान होते का मोठे?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला माहीत नाही. मायचं लुगडं आठवत होतं, बांगड्यांचा आवाज आठवत होता, ती हाक कशी मारायची ते आठवत होतं. हात आठवत नव्हते. ज्या ठशांच्या भोवतीनं मी फडकं फिरवत आलो त्यांच्यावर मी कधी माझा हात ठेवून पाहिला नव्हता. बाबांनी ठेवला होता. मी फक्त राखण केली होती. "ध्यानात नाही, वहिनी," मी म्हणालो. तिनं मान हलवली. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. ती विचारत नव्हती, रागावलेली नव्हती, आम्ही दोघंच होतो. मी पाण्याची बादली उचलून बाहेर ओतून आलो.

धनतेरसेच्या दिवशी वहिनी म्हणाली, "डबा आज मी नेते." मी म्हणालो मीही येतो. वाटेत कपाशीच्या पळाट्यांच्या ओळींतून बाया कापूस वेचत होत्या, कमरेला ओटी बांधून, त्यांतली एक म्हणाली, "काय सुमन, आज सासऱ्याले जेवू घालाले सोता आली?" वहिनी म्हणाली, "हो न बाई. लेकाच्या हातचं कंटाळले." बाया हसल्या. ते माझ्यावर होतं की नुसतं बोलणं होतं, मला अजून कळलेलं नाही.

बाबा गोठ्यापुढं बाजेवर बसले होते. तिनं डबा खाली ठेवला आणि त्यांच्या पाया पडली. मग उभी राहून म्हणाली, "मामाजी, भिंत म्या घेतली. ते परत येत नाही. खरवडून पाह्यलं. पण देवाजवळ दिवा लावाले घरचं माणूस पाह्यजे. तुम्ही येत नसान तर मी ढाणकीले जाते. मंग तरी तुम्ही घरी यान."

बाबांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी बैलाच्या दाव्याशी काहीतरी करत होतो. आता बोल, आता बोल, असं मला आतून कोणी ढकलत होतं, आणि त्याच वेळी दुसरं कोणी म्हणत होतं की जाऊ दे तिला ढाणकीला. हे दोन्ही एकाच छातीत होतं.

"तू कायले जाशीन," बाबा शेवटी म्हणाले. "बस. जेवण वाढ."

ते त्या दिवशी पातोडी जेवले. जेवून झाल्यावर बाजेची एक बाजू त्यांनी उचलली आणि दुसरी मला उचलायला सांगितली.

घरी आल्यावर त्यांनी गंगाकाकूला हाक मारून कुंकू मागितलं. परातीत पाणी घेतलं, कुंकू कालवलं, आणि परात माझ्या हातात दिली. "धर," म्हणाले. मग वहिनीला म्हणाले, "सुमन, इकडं ये. तवा तुले दारापाशी लावाले लावलं, ते माहं चुकलं. देवाजवळची भिंत अशी रिकामी बरी नाही दिसत. लाव हात."

वहिनी नाही म्हणाली. दोनदा म्हणाली. "ती जागा त्यायची होय, मामाजी." बाबा म्हणाले, "जागा कोणाची नसते. हात असतात तवर असते. लाव."

मी परात धरून उभा होतो. तिनं दोन्ही हात बुडवले. पाणी माझ्या मनगटावर उडालं. तिनं हात भिंतीवर टेकवले, अगदी त्याच उंचीवर, आणि काढले. ताजे लाल, दहाही बोटं स्पष्ट. बाबांनी दिवा लावला. गंगाकाकूनं डोळ्यांना पदर लावला. दादा हसत होता. आणि मी त्या घरातला एकुलता एक माणूस होतो ज्याला त्या क्षणी ती भिंत फोडून टाकावीशी वाटत होती. तिला घालवायला मी जे केलं, त्यानं तिला त्या घरात कायमची जागा करून दिली होती, आणि कुंकवाची परात माझ्याच हातात होती.

बाबा त्यानंतर बरीच वर्षं जगले. ओट्यावर बसले, नातवंडं खेळवली. रोज दिवा लावला, पण भिंतीला बोटं टेकवताना मी त्यांना परत पाहिलं नाही. मी नोकरीच्या निमित्तानं यवतमाळला आलो. शेवटच्या आजारात त्यांना दवाखान्यात आणलं होतं. दुपारी मी एकटा उशाशी असे. सांगायचं ठरवून बसायचो आणि त्यांचे पाय चेपत राहायचो. ते गेले तेव्हा त्यांच्या मनात भिंत सुनेनंच घेतलेली होती, चुकून. त्यांनी तिला माफ केलं होतं. मला माफ करायची वेळच मी येऊ दिली नाही.

हे लिहायला घेतलं त्याआधी मी गावी गेलो. वाटलं, छापून येण्याआधी वहिनीला सांगावं. आता तीही थकली आहे, गुडघे दुखतात. दादा बाजाराला गेला होता. ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती, मीही समोर बसून सोलायला लागलो. आणि सांगितलं. मीठसुद्धा सांगितलं, चौकटसुद्धा सांगितली. ती शेंगा सोलत राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "लिहा. पण मंग पुरं लिहा."

मी म्हणालो, "हे पुरंच आहे."

"पुरं नाही. मले माईत होतं, भाऊजी."

"काय माहीत होतं? मी खोटं बोललो ते?"

"ते हात होते ते." तिनं सोललेले दाणे टोपलीत टाकले. "मामाजी रोज तिथी बोटं लावत. तुम्ही चुलीपाशून पाहत, तशी मीबी पाहत होती. दीड वर्ष सगळं घर म्या हातानं सजवलं. पण त्या भिंतीपुढं आली का मले पाहुणी असल्यासारखं वाटे. माहे हात तर पावसानं नेले होते. तुम्हाले इचारलं, का तुम्ही नाही म्हणसान अन् मी थांबन. तुम्ही तेल म्हणाले. मले ते आयकाले बरं वाटलं."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाटलं काय ते लिहितो, कारण पुरं लिहायचं कबूल केलं आहे. मला जुनी, ओळखीची जळजळ झाली. इतकी वर्षं हे एक पाप तरी माझं एकट्याचं होतं. त्या घरातलं तेवढंच माझ्याकडं उरलं होतं, आणि आता त्यातही तिचा हात निघाला.

"वहिनी," मी म्हणालो, "तेवढं तरी माह्यापाशी राहू द्यायचं होतं."

ती हसली. "कसं राहू देऊ? फडकं माह्या हातात होतं." आणि माझ्यापुढच्या शेंगांतल्या अर्ध्या तिनं आपल्याकडं ओढून घेतल्या.